पुणे की नागपूर? मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मार्चअखेर उत्तर द्यायचंय

अजिंक्यतारा | ८ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, नवरा नागपूरचा. लग्न झाल्यापासून सात वर्षं आम्ही वाकडला आहोत. मुलगी साडेतीन वर्षांची. नवऱ्याची कंपनी हिंजवडीत आहे आणि तिचंच एक ऑफिस नागपूरला मिहान या आयटी-उद्योग वसाहतीत आहे. तिथे बदली मिळू शकते असं त्याला जानेवारीत सांगितलं गेलं. पगार तोच राहील. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन विभागात आहे. माझी बदली होणार नाही, नोकरी सोडावी लागेल.

आमचा सध्याचा दिवस असा. सव्वासातला मी घराबाहेर पडते. वाकड ते चाकण अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे, पण तळवडे आणि चाकण चौकातली गर्दी धरून सव्वा तास लागतो, पावसाळ्यात दीड. मुलगी नर्सरीतून साडेबाराला सुटते आणि मग संध्याकाळी साडेसहापर्यंत पाळणाघरात असते. पाळणाघराच्या मावशी चांगल्या आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या महिन्यात तिला ताप आला तेव्हा फोन आल्यापासून तिच्यापर्यंत पोचायला मला एक तास चाळीस मिनिटं लागली. ती बूट घालून दाराशी बसून होती. मावशी म्हणाल्या, "आई निघाली म्हणून सांगितलं तेव्हापासून अशीच बसली आहे." त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

सासू-सासरे प्रतापनगरला स्वतःच्या घरात राहतात. वय ६२ आणि ६७. तब्येती ठीक आहेत. ते "या" म्हणतात. मी नागपूर पाहिलंय ते दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे पाहुणीसारखं. रोजचं राहणं कसं असतं ते मला ठाऊक नाही. दोन्हीकडे राहिलेल्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

तर्रीपोहे | ८ फेब्रुवारी, रात्री ११.०५

ताई, विचार काय करून राहिल्या, या! प्रतापनगरहून मिहान म्हणजे गाडीने अर्धा तास, तोही सकाळच्या गर्दीत. सातपर्यंत दादा घरी. लेकीला घेऊन अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, रोज एक जागा. पुण्यात हे रविवारीच जमते.

कोथरूडमुक्कामी | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

मी नागपूरचाच, २००४ पासून पुण्यात. दुसरी बाजू मांडतो.

नागपूरबद्दल प्रेम आहे, आईवडील होते तोवर वर्षातून चारदा जात होतो. तरी मुलं इथे वाढवली याचं समाधान आहे. माझा मुलगा शाळेत असताना आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या दुसऱ्या शनिवारच्या विज्ञान व्याख्यानांना जायचा. गरवारे बालभवनात तो सहा वर्षं संध्याकाळी खेळला. मराठी माध्यमातून मन लावून शिकवणाऱ्या शाळा इथे आजही आहेत, अक्षरनंदन हे एक नाव. सिंहगड, राजगड, तोरणा एका दिवसात करून परत येता येतं. मुलांभोवती असं वातावरण असणं ही लहान गोष्ट नाही.

आणि नोकरीचं. तुमच्या यजमानांना उद्या कंपनी बदलावी लागली तर पुण्यात त्याच रस्त्यावर पन्नास कंपन्या आहेत. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आणि आणखी काही. बरं चाललं असताना हे जाणवत नाही. तुमच्या कामाचं तर आणखी अवघड. चाकण-तळेगाव पट्ट्यात वाहन उद्योगाची जेवढी दाटी आहे तेवढी विदर्भात नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाचं काय करणार, हे आधी ठरवा. बाई नोकरी सोडून गेली की "बघू पुढे" म्हणतात आणि ते पुढे कधी येत नाही. माझ्या बहिणीचं असंच झालं, म्हणून कळकळीने लिहितोय.

सीताबर्डी | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

कोथरूडमुक्कामींचा नोकरीचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. ताई, तुमच्या क्षेत्रासाठी मिहानकडे पाहूच नका, हिंगण्याकडे पाहा. हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे आणि त्याला माल पुरवणारे बरेच लहान-मध्यम कारखाने आजूबाजूला आहेत. दुसरीकडे बुटीबोरी. चाकणइतका पगार मिळणार नाही, हे धरून चाला. पण डिझाइनवाली माणसं इथे टिकत नाहीत, दोन वर्षं शिकतात आणि पुण्याला जातात. अनुभवी माणूस स्वतःहून इकडे येतोय म्हटल्यावर विचारतील.

मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन हिंगणा रोडवर लोकमान्यनगरला संपते. तुमच्या सासरहून सुभाषनगर स्टेशन जवळ पडेल. तिथून रचना, वासुदेवनगर, बन्सीनगर आणि चौथं लोकमान्यनगर. पुढे कंपनीची बस किंवा ऑटो.

डबापार्टी | ९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

पाण्याचं कोणीच काही लिहिलं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. वाकडच्या सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरचा खर्च किती येतो ते मेंटेनन्सच्या बिलात पाहा. नागपूरला पेंचचं पाणी येतं. सगळीकडे सारखं येत नाही, नव्या लेआऊटमध्ये रड आहेच, पण प्रतापनगरसारख्या जुन्या भागात टँकर हा रोजचा विषय नाही.

बालदवाखाना | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

मी नागपुरात लहान मुलांची डॉक्टर आहे. उन्हाबद्दल बाहेरून येणारे आईवडील मला नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एप्रिल-मे मध्ये ४३ ते ४५ अंश हे इथे नेहमीचं आहे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७ च्याही पुढे गेला होता. तुमची मुलगी पुण्याच्या हवेत वाढलेली आहे, तिला पहिला उन्हाळा जड जाईल. घामोळ्या येतील, भूक कमी होईल, दुपारी चिडचिड होईल. यातलं बहुतेक दुसऱ्या वर्षी कमी होतं. पण इथली माणसं ज्या शिस्तीने राहतात ती शिस्त अंगी बाणवावी लागते. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच मूल उन्हात जाणार नाही, म्हणजे नाही. वाढदिवस असो की लग्न. पाण्याची बाटली सोबत हवी, तहान लागली नाही तरी दर थोड्या वेळाने घोट घोट पाजायचं. सुती कपडे, बाहेर निघताना डोक्याला आणि कानाला दुपट्टा. घरात कैरीचं पन्हं, ताक. बंद गाडीत मुलाला एक मिनिटही ठेवायचं नाही. ताप आला आणि मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, तर घरी वाट पाहत बसू नका, दवाखान्यात या.

कूलरबद्दलही सांगते, कारण पुण्याहून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत खिडकीला लावलेला कूलर छान काम करतो. पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येतो आणि तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. म्हणून जून-जुलैचे दिवस मला मे पेक्षा कठीण वाटतात. मुलीच्या एका खोलीला एसी लावा. कूलरच्या टाकीतलं पाणी दर आठवड्याला उपसून टाकी कोरडी घासा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळेच इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. शाळा निवडताना मात्र एप्रिलमध्ये त्यांचं वेळापत्रक काय असतं ते विचारा. मूल भर दुपारी व्हॅनमधून घरी येणार असेल तर ती शाळा कितीही नावाजलेली असली तरी मी नको म्हणेन.

बाकी मोठं आजारपण आलंच तर सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, एम्स आता मिहानमध्ये आहे, खासगी रुग्णालयं भरपूर आहेत. त्यासाठी पुण्यात राहण्याची गरज नाही.

त्रिमूर्तीनगर | १० फेब्रुवारी, सकाळी ८.००

डॉक्टर ताईंनी उन्हाचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. सासरच्या घरी राहणार असाल तर प्रश्न नाही, पण वेगळं घर बघाल तर हे लक्षात ठेवा.

२०२३ च्या २३ सप्टेंबरच्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेत असताना पाणी घरात शिरलं. चांगल्या, महागड्या वस्त्या आहेत या. माझे काका तळमजल्यावर होते. त्यांनी दोन नातवंडांना खांद्यावर घेऊन जिन्यावर पाच तास काढले. फ्रिज पाण्यावर तरंगत होता असं ते सांगतात तेव्हा अजून त्यांचा आवाज बदलतो.

घर दाखवणारा दलाल हे सांगणार नाही. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, "त्या रात्री इथे पाणी किती आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतं, तेव्हा शाळेची व्हॅन त्या रस्त्याने जाते का तेही पाहा. आणि शहराच्या उत्तरेला घर बघत असाल तर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख, धूळ किती येते याची तिथे राहणाऱ्यांकडे चौकशी करा.

परतलेली | १० फेब्रुवारी, रात्री ११.५०

मी हा धागा दोन दिवस वाचतेय, लिहू की नको असं चाललं होतं.

मी २०२१ मध्ये नवऱ्यासोबत खराडीहून नागपूरला आले. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. आम्ही सरळ सासरी राहायला गेलो, घर मोठं होतं म्हणून. पहिलं वर्ष फार वाईट गेलं. कोणी वाईट नव्हतं. सासूबाई तर जीव लावणाऱ्या. पण पुण्यात सात वर्षं मी माझं घर माझ्या पद्धतीने चालवलं होतं. इथे मुलाने किती वाजता जेवायचं, टीव्ही किती बघायचा, ताप आला तर डॉक्टरकडे जायचं की आधी काढा द्यायचा, प्रत्येक गोष्टीला दोन मतं. माझी नोकरी सुटलेली, त्यामुळे मी दिवसभर घरात. कोणी आलं की "सून आता घरीच असते" हे वाक्य. ते ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडायची.

दीड वर्षाने आम्ही त्याच गल्लीत, पाच घरं सोडून, भाड्याचा फ्लॅट घेतला. लोक म्हणाले भांडण झालं. भांडण झालं नव्हतं. त्यानंतर सगळं सुधारलं. मुलगा शाळेतून आजीकडे जातो, जेवतो, झोपतो, साडेपाचला मी घेऊन येते. मला एका कॉलेजात नोकरी मिळाली, पुण्याच्या निम्म्या पगारावर. सासूबाई आणि मी आता मैत्रिणींसारख्या आहोत, आणि हे मी मनापासून लिहितेय.

जायचं असेल तर एकाच घरात जाऊ नका. एकाच गल्लीत जा. आणि नोकरी हातात असल्याशिवाय, निदान मुलाखती सुरू असल्याशिवाय, राजीनामा देऊ नका.

अजिंक्यतारा | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

परतलेली ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल खूप आभार. "सून घरीच असते" हे वाक्य मला दिवाळीच्या आठ दिवसांतही ऐकू येतं. मी घाबरते त्यालाच, आणि नवऱ्याला ते समजावता येत नव्हतं. काल त्याला तुमचं उत्तर वाचायला दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, वेगळ्या घराचं मी आईबाबांशी बोलेन, तू बोलू नकोस.

धंतोलीचे आजोबा | ११ फेब्रुवारी, दुपारी ४.४५

मी ७१ वर्षांचा आहे. मुलगा, सून, दोन नाती बेंगळुरूला होते, तीन वर्षांपूर्वी आमच्याजवळ आले. आजी-आजोबांच्या बाजूने कोणी लिहिलेलं नाही म्हणून लिहितो.

नातवंडं आली की घर उजळतं. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी सुताराकडून लाकडी बैल करून घेतला होता, चाकांचा, हातभर उंच. तो पन्नास वर्षं माळ्यावर पडला होता. नातीने त्याला झूल घातली, गळ्यात बेगडाची माळ घातली आणि दोरी धरून गल्लीतल्या घरोघर नेला. प्रत्येक घरी तिला खाऊ मिळाला. त्याच दिवशी इतवारी-महाल भागात मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तीही तिला खांद्यावर बसवून दाखवली. हे मला व्हिडिओ कॉलवर मिळालं नसतं.

आता दुसरं. आम्हाला मुलं सांभाळायची हौस आहे, ताकद मर्यादित आहे. साडेतीन वर्षांच्या मुलीमागे सकाळी दोन तास धावणं जमतं. दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस जमत नाही. माझ्या पत्नीचे गुडघे दुखायचे, ती बोलायची नाही. तिचं भजनी मंडळ सुटलं, सकाळचं फिरणं सुटलं. मुलाच्या लक्षात यायला वर्ष लागलं. मग कामाला एक बाई ठेवली, दुपारी नाती झोपल्या की आम्हीही झोपू लागलो, आणि गुरुवारची दुपार पत्नीची ठरली.

तुमचे सासू-सासरे "या" म्हणतात हे खरंच आहे. त्यांना एवढंच विचारा की "दिवसातले कोणते तास तुम्हाला झेपतील?" हा प्रश्न मुलाने नाही, सुनेने विचारावा. मुलाला आई खरं उत्तर देत नाही.

वडाभात | ११ फेब्रुवारी, रात्री ९.३०

एक विचारू का? सासू-सासऱ्यांबद्दल इतकं बोलणं झालं, ताईंच्या स्वतःच्या आईवडिलांबद्दल अजून कोणीच विचारलं नाही. सातारा वाकडहून तीन तासांवर आहे. नागपूरहून?

अजिंक्यतारा | ११ फेब्रुवारी, रात्री ११.१५

वडाभात, तुम्ही विचारलंत आणि मला रडू आलं. आई ५९ ची आहे, वडिलांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मी एकुलती एक आहे. आता महिन्यातून दोनदा जाते, शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मला मुलीचं नाही, माझंच पडलंय असं वाटलं असतं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "पोरीला दुपारी कोण दार उघडतं ते बघ आधी, आम्हाला दार उघडायला आम्ही दोघं आहोत."

सीताबर्डी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

ताई, तुमच्या आईने ज्या प्रश्नावर बोट ठेवलं तोच खरा आहे. साताऱ्याची सोय सांगतो. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून गोंदियाला जाते, ती साताऱ्याला थांबते आणि नागपूरलाही. गाडी बदलायची नाही, पण वीस तासांच्या वर लागतात. वडिलांसाठी ते लांब आहे. पुण्यापर्यंत विमान आणि पुढे गाडी, असं केलं तर एका दिवसात पोचता. ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्टेशनवरून पुण्याला वंदे भारतही सुरू झाली, बारा तासांत पोचवते, पण पूर्ण दिवस बसून जावं लागतं. रात्री फोन आला आणि लगेच निघायचं असेल तर यातलं काहीच वाकडची बरोबरी करणार नाही. हे खोटं सांगून उपयोग नाही.

कोथरूडमुक्कामी | १२ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

त्यांना साताऱ्याहून नागपूरला हिवाळ्यात दोन-अडीच महिने आणता येईल का? डिसेंबर-जानेवारीत नागपूरची हवा फार छान असते, संत्र्यांचा मोसम असतो. माझ्या सासूबाई जळगावहून तशाच आमच्याकडे यायच्या. मी पुण्याच्या बाजूने लिहिलं होतं, पण ताईंचं उत्तर वाचल्यावर माझा पहिला पवित्रा मला फार कोरडा वाटतोय. बालभवन आणि आयुका पुढची गोष्ट आहे. साडेतीनच्या मुलीला आज दुपारी कोणीतरी हवं.

तर्रीपोहे | १२ फेब्रुवारी, दुपारी १२.१०

आणि मोठी झाली की इथेही रमण विज्ञान केंद्र आहे, अजब बंगला म्युझियम आहे, गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय आहे, पेंचचं जंगल दोन तासांवर आहे. पुढे व्हीएनआयटी, एम्स, आयआयएम सगळं गावातच. शिक्षणासाठी बाहेर जायची वेळ आता येत नाही.

बालदवाखाना | १२ फेब्रुवारी, रात्री १०.००

माझी एक सूचना. निर्णय फेब्रुवारीत घेऊ नका, फेब्रुवारीत नागपूर सगळ्यांनाच आवडतं. कंपनीकडून मुदत वाढवून घेता आली तर मुलीला घेऊन मे महिन्यात पंधरा दिवस या. पाहुण्यांसारखं नाही, तिचं रोजचं वेळापत्रक सांभाळून.

अजिंक्यतारा | २४ मे, रात्री ९.५०

बरेच दिवसांनी लिहितेय. कंपनीने मुदत जूनपर्यंत वाढवून दिली. मी रजा घेतली, नवऱ्याने घरून काम केलं आणि आम्ही ४ मे ला नागपूरला आलो.

पहिले चार दिवस अवघड गेले. तिसऱ्या रात्री मुलीला ताप आला, ती पाणीच पिईना. डॉक्टर ताई, तुमची पोस्ट मी लिहून फ्रिजवर चिकटवली होती, त्याचा खरंच उपयोग झाला. सकाळी लगेच दवाखान्यात नेलं, दोन दिवसांत बरी झाली. पाठ घामोळ्यांनी भरली होती. आठवड्यानंतर ती इथल्या मुलांसारखी वागायला लागली. सकाळी सहाला अंगणात, दहाला घरात. दुपारी पडदे ओढून कूलरसमोर सासऱ्यांच्या शेजारी झोपते. संध्याकाळी सात वाजता गच्चीवर पाणी शिंपडायचं काम तिचं. "का?" ऐवजी "काऊन?" म्हणायला शिकली आहे, दिवसातून शंभर वेळा विचारते.

आजोबांनी सांगितलेला प्रश्न मी सासूबाईंना एकटीने विचारला. भाजी निवडत होतो. त्या आधी "सगळे तास झेपतील" म्हणाल्या. मी थांबले. मग म्हणाल्या, दुपारी बारा ते चार नक्की, त्यानंतर त्यांना एक तास पाठ टेकायची असते, आणि मंगळवारी त्या मैत्रिणींबरोबर टेकडीच्या गणपतीला जातात. सात वर्षांत हा मंगळवार मला माहीत नव्हता. म्हणजे चार ते सहा आम्हाला बाई लागेल. वेगळ्या घराचं नवऱ्याने सांगितलं तेव्हा सासरे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "जवळच बघा, मला चालत येता आलं पाहिजे."

हिंगण्यात तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एका ठिकाणाहून होकार आला, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं काम, पगार आत्तापेक्षा एक तृतीयांश कमी. रात्री हिशोब मांडला. वाकडचं भाडं, पाळणाघर, टँकर, माझं पेट्रोल वजा केलं तर हातात जवळपास तेवढेच उरतात. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

साताऱ्याचं दुःख तसंच आहे. आईबाबा डिसेंबरात येतो म्हणालेत. मी दर दोन महिन्यांनी जाणार, त्यासाठी विमानाचे पैसे दरमहा वेगळे काढायचे असं ठरवलंय. अडचणीच्या रात्री मी पोचू शकणार नाही हे आईशी स्पष्ट बोलले, शेजारच्या दादांचे आणि डॉक्टरांचे नंबर भिंतीवर लावून आले. याहून जास्त मला काही करता आलं नाही.

आम्ही येतोय. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सामान येईल.

आता मदत हवी आहे. सुभाषनगर स्टेशनपासून चालत जाता येईल आणि प्रतापनगरहून सासऱ्यांना चालत येता येईल असा दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट कोणाच्या माहितीत आहे का? आणि चार ते सहा येणाऱ्या बाई?

धंतोलीचे आजोबा | २४ मे, रात्री १०.३०

लाकडी बैल आत्ताच सुताराकडे सांगून ठेवा. पोळा जवळ आला की त्याला वेळ नसतो.

परतलेली | २४ मे, रात्री ११.२०

आमच्याकडे येणाऱ्या बाईंची बहीण त्याच भागात कामं करते. उद्या विचारून निरोप पाठवते. पहिल्या महिन्यात कधीही फोन करा, अगदी काही कारण नसलं तरी.

त्रिमूर्तीनगर | २५ मे, सकाळी ७.१५

ताई, आमच्या मागच्या गल्लीत एक फ्लॅट १ जूनला रिकामा होतोय. दुसरा मजला, पूर्वेकडे गॅलरी, त्यामुळे दुपारचं ऊन खोलीत येत नाही. आज सकाळी किराणा दुकानात विचारून आलो. त्या रात्री या गल्लीत पाणी आलं नव्हतं. मालकांचा नंबर निरोपात पाठवला आहे.